गिधाडे मोजणारी माणसे



दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे आला आहात. कुणाची धार काढायची राहिली असेल, कुणाची चूल पेटवायची असेल. म्हणून फार पाल्हाळ लावत नाही. आमच्या कामाची हकीकत तेवढी सांगतो.

आमचे काम ऐकले की लोक हसतात. आम्ही रानातल्या जनावरांचा आणि पाखरांचा अभ्यास करतो. अभ्यास म्हणजे काय? ती कुठे राहतात, काय खातात, वर्षाला किती पिले होतात, त्यांतली किती जगतात, हे बघायचे आणि लिहून ठेवायचे. आणि मोजायचे. वाघ असो, कासव असो, नाहीतर साधी साळुंकी असो, मोजणे काही सुटत नाही.

एका गावात एका आजीने आम्हाला विचारले, "बाबांनो, पोटासाठी दुसरं काही मिळालं नाही का? आणि पाखरं मोजून ती वाढत्यात व्हय?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला आम्हाला गिधाडांची गोष्ट सांगावी लागेल. पण त्याआधी, आपल्या देशात हे काम कसे सुरू झाले, ते थोडक्यात सांगतो.

मुंबईत १८८३ साली एक संस्था निघाली. तिचे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. पशू, पक्षी, झाडे, किडे यांची माहिती गोळा करायची, हे तिचे काम. पुढे एकदा एक शाळकरी पोरगा एक मेलेली चिमणी घेऊन या संस्थेत गेला. छऱ्याच्या बंदुकीने त्यानेच ती मारली होती. पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. मामांची चिठ्ठी घेऊन तो संस्थेत गेला. तिथल्या साहेबाने त्याला चिमणीचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखवले. पोरगा खुळावला. तोच पुढे सलीम अली या नावाने जगाला ठाऊक झाला. त्यांचा जन्म १८९६ चा. १९८७ साली ते वारले. सारा जन्म पाखरांच्या मागे हिंडले.

हे सलीम अली १९३० च्या सुमारास जर्मनीहून शिकून परत आले, तर हाताला नोकरी नाही. मग ते अलिबागजवळ किहीम गावी जाऊन राहिले. तिथे सुगरणीचे खोपे टांगलेले होते. त्यांच्यासमोर ते दिवसचे दिवस बसून राहिले. आता सुगरणीचा खोपा तुम्ही आम्ही सगळ्यांनीच पाहिला आहे. विहिरीवर, बाभळीवर टांगलेला असतो. काही खोपे पुरे असतात, काही अर्धेच सोडलेले असतात. ते अर्धे का सोडले, हे कुणी विचारले होते? सलीम अलींनी बघून बघून शोधून काढले. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की माद्या बघायला येतात. आत जातात, ओढून बघतात, पसंत पडला तर राहतात. मग नर तो पुरा करतो. नापसंत केलेला खोपा तसाच लोंबत राहतो. आणि हा नर मोठा वस्ताद. एक बायको आत अंड्यांवर बसली, की तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. म्हणजे बघा, विणकाम सारे बाप्याचे आणि आपण त्याला नाव दिले सुगरण! हसा, हसा. आम्हीही हसलो होतो.

या हकीकतीने कुणाच्या पदरात पायलीभर धान्य पडले नाही, हे खरे. पण डोळे उघडे ठेवून बसायचे, अंदाजाने बोलायचे नाही, जे दिसले ते त्याच दिवशी लिहायचे, ही आमच्या धंद्याची शिस्त यातूनच पडली. ही शिस्त पुढे कशी कामाला आली, ते आता ऐका.

तुमच्यात जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना गिधाडे चांगली आठवत असतील. बैल मेला, म्हैस मेली, की तिला गावाबाहेर माळावर टाकत. (मेलेली ढोरे ओढण्याचे काम एकाच समाजाच्या माथी मारलेले होते. त्यांनी ते टाकून दिले, ते बेस केले.) ढोर टाकले की आधी आभाळात एक ठिपका दिसे. मग दुसरा. मग बघता बघता पन्नास-शंभर गिधाडे उतरत. तास-दोन तासांत हाडे तेवढी उरत. सडके मांस खाऊन माणूस मरेल, पण गिधाडाला काही होत नाही. त्याच्या पोटातला आंबटपणा इतका जहाल असतो, की बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. गाव झाडायला कुणी पगारी माणूस ठेवला नव्हता. हे काम फुकटात होत होते.

मग ती दिसेनाशी झाली. कधी झाली? नेमके साल कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतो पोरगी झाली त्या साली होती, कुणी म्हणतो त्याआधीच गेली. यात तुमचा दोष नाही. रोज दिसणारी वस्तू कमी होत जाते तेव्हा ध्यानात येत नाही.

पण एके ठिकाणी आकडे लिहिलेले होते.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचे पाखरांचे मोठे रान आहे. तळी आहेत, बाभळी आहेत, कळंब आहेत. मुंबईच्या त्याच संस्थेतले डॉ. विभू प्रकाश तिथे १९८० नंतरच्या दशकात शिकारी पाखरांचा अभ्यास करीत होते. त्यात गिधाडांची घरटीही त्यांनी मोजली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेवर जोड्या १९८७-८८ साली तिथे घरटी करून होत्या. तेव्हा गिधाडे उदंड होती. ती कशाला मोजायची, असे कुणीही म्हटले असते. पण त्यांनी मोजली आणि लिहून ठेवली.

१९९६ साली ते पुन्हा तिथे मोजायला आले, तर जोड्या उरल्या होत्या दीडशे. त्यापुढच्या वर्षांत पंचवीस-वीसवर आल्या. मग एकही नाही. झाडाखाली मेलेली गिधाडे पडलेली. काही फांद्यांत अडकून लोंबत होती. जी जिवंत होती, ती मान खाली टाकून दिवसचे दिवस पेंगत बसलेली. आणि मेलेली ढोरे तर जागोजाग पडली होती, खाणारे नव्हते. म्हणजे उपासमारीने ती मेली, असे म्हणायला जागा नव्हती.

हे एकट्या भरतपूरचे दुखणे की साऱ्या मुलखाचे? याचेही उत्तर जुन्या वहीत सापडले. १९९१ ते १९९३ या काळात उत्तर हिंदुस्थानात रस्त्यारस्त्याने मोटारीतून जात शिकारी पाखरांची मोजदाद झाली होती. पुढे २००० साली आणि त्यानंतरही त्याच रस्त्यांनी जाऊन पुन्हा मोजले. हिशोब असा निघाला, की १९९२ साली जिथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तिथे २००७ साली एक उरले होते. हजाराला एक. प्लेगच्या साथीतसुद्धा माणसे इतकी मेली नव्हती.

आता कारण शोधायचे. इथे आमच्या धंद्याची खरी परीक्षा होती.

लोक नाना तर्क करीत होते. कुणी म्हणाले, शेतावर मारतात ते औषध. कुणी म्हणाले, उंच झाडे तोडली. पुष्कळ जाणकारांना वाटले की एखादी साथ आली असावी. तर्क सगळेच बरे दिसत होते. पण तर्काने काय होते? मेलेले पाखरू ताजे असतानाच उघडून बघावे लागते, आणि आपल्या उन्हात ते दोन दिवसांत कुजते.

असे एक पथक शेजारच्या पाकिस्तानात पंजाब प्रांतात काम करीत होते. त्यात लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्य होते. त्यांनी मेलेली गिधाडे गोळा करून उघडली. बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर पांढरा थर बसलेला. चुन्याचा हात फिरवावा तसा.

हा थर कसला, ते तुम्हाला सहज कळेल. कोंबडीची शीट तुम्ही रोज बघता. त्यात पांढरा भाग असतो ना? ते पाखराचे मूत्र. पाखरे आपल्यासारखी पातळ लघवी करीत नाहीत. हा पांढरा मळ रक्तातून गाळून बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे, खाटीक ज्याला गुर्दा म्हणतो त्याचे. गुर्दा बंद पडला की मळ अंगातच साठतो आणि आतल्या अवयवांवर बसतो. म्हणजे गिधाडांचे गुर्दे निकामी झाले होते. कशाने?

आधी साथीचे जंतू शोधले. सापडले नाहीत. मग शिसे, पारा अशी विषे पाहिली. शेतावरची औषधे पाहिली. तीही कारण ठरेनात. तेव्हा या मंडळींनी साधा विचार केला. गिधाड खाते काय? मेलेली ढोरे. मग ढोरांच्या अंगात असे काय जाते, जे पूर्वी जात नव्हते आणि ज्याने गुर्दा बिघडतो? ते ढोरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत विचारीत फिरले. तिन्ही अटींत बसणारे औषध एकच निघाले: डायक्लोफिनॅक.

हे नाव तुम्ही ऐकले असेल. सूज, ठणका, ताप यावरचे औषध. माणसांनाही देतात. जनावरांसाठी ते १९९० नंतरच्या काळात स्वस्त मिळू लागले. बैल लंगडला, गाईची कास सुजली, टोचा सुई. बैल दुसऱ्या दिवशी उठून उभा. औषध गुणी होते, यात शंका नाही. पण सुई दिलेले जनावर एक-दोन दिवसांत मेले, तर औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचा गुर्दा बंद पडतो.

आता पडताळा. गुर्दा बिघडून मेलेल्या २५ गिधाडांच्या अंगात त्यांनी हे औषध शोधले. पंचवीसच्या पंचवीसांत सापडले. दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ गिधाडांत शोधले. एकातही नाही. शिवाय औषध दिलेल्या जनावरांचे मांस पाळीव गिधाडांना घालून पाहिले. त्यांतलीही पुष्कळ तशीच मेली. काही जिवांना मरण आले, हे वाचून आम्हालाही बरे वाटत नाही. पण त्यावाचून कुणी विश्वास ठेवला नसता. २००४ साली हे सगळे छापून आले. मग आपल्याकडची आणि नेपाळातली मेलेली गिधाडे तपासली, तिथेही हेच.

तुमच्यातला कुणी म्हणेल, "आमच्या गावात दहा ढोरे मेली, त्यांत एकालाही सुई नव्हती. मग सगळी गिधाडे कशी मेली?" शंका बरोबर आहे. याचाही हिशोब आमच्यातल्या गणिती मंडळींनी केला. काही शे मढ्यांत एखादे मढे विषारी असले, तरी एवढा संहार होतो. कारण एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडे बसतात. आणि एक गिधाड वर्षभरात कितीतरी मढ्यांवर जेवते. आज नाही तर उद्या त्याच्या वाट्याला ते एक मढे येतेच. वर गिधाडाची वीण फार सावकाश. मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. तुमची शेळी दीड वर्षात दोन-तीन करडे देते, म्हणून दोन मेल्या तरी कळप सावरतो. गिधाडाचा कळप सावरत नाही.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे. शहरातली काही माणसे म्हणतात, शेतकऱ्याने गिधाडे मारली. हे बोलणे आम्हाला पटत नाही. बैल लंगडला तर शेतकरी औषध देणारच. औषधाच्या पुडक्यावर गिधाडाचे नाव नव्हते. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. जे कुणालाच ठाऊक नव्हते, त्याचे खापर एकाच्याच डोक्यावर कसे फोडता?

गिधाडे गेली, पण ढोरे मरायची काही थांबली नाहीत. त्या मढ्यांवर कुत्री पोसली. कुत्री वाढली, तसे त्यांचे चावे वाढले, आणि चाव्याबरोबर पिसाळण्याचा रोग येतो. मढी नदी-नाल्यांत पडू लागली, पाणी नासले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली याचा हिशोब छापला. त्यांचा अंदाज असा, की २००० ते २००५ या वर्षांत गिधाडे गेल्यामुळे आपल्या देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. हा अंदाज आहे, डोकी मोजलेली नाहीत. पण हा आकडा वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. (आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. कुत्रा चावला तर हळद-चुना भरीत बसू नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. सांगितलेल्या सगळ्या सुया पुऱ्या करा.)

कारण कळले, तेव्हा उपाय करता आला. २००६ साली सरकारने जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले. त्याच सुमाराला मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध पारखून पाहिले. ते ढोराचा ठणका घालवते आणि गिधाडाला मारत नाही. पण दुकानात माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या मिळत, त्या जनावरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ साली त्या मोठ्या बाटल्या बंद करून एका वेळेपुरत्या छोट्या कुप्याच ठेवल्या. पुढे त्याच जातीची आणखी औषधे घातक निघाली. २०२३ साली जनावरांसाठी कीटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक बंद झाली. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडही बंद झाले. तेव्हा पुढच्या वेळी बैलाला सुई द्यायची झाली, तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, हे कुठले औषध? मेलॉक्सिकॅम चालेल का?" आता तुम्हाला अक्षरे लागतात. बाटलीवरचे नाव स्वतः वाचा.

उरलेल्या गिधाडांचा वंश राहावा म्हणून हरियाणात पिंजोर येथे ती पिंजऱ्यात वाढवली. तिथे अंड्यातून निघालेली पिले मोठी करून रानात सोडू लागले आहेत. २०२४ साली त्यांतली काही आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंचच्या रानात आणली. सोडताना त्यांच्या पाठीवर छोटे यंत्र बांधतात, म्हणजे ती कुठे गेली ते कळते. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तिथे गावकऱ्यांनी गिधाडांची झाडे राखली, म्हणून तिथे घरटी टिकली. गडचिरोलीतही गावकरी आणि वनखाते मिळून, औषध न दिलेली मेलेली ढोरे गिधाडांसाठी ठरल्या जागी टाकतात. संहार पुष्कळसा थांबला. पण पूर्वीसारखे थवे काही परत आलेले नाहीत.

मघाशी बोलता बोलता एका भाऊंनी विचारले, "माझी लेक बारावीला आहे, तिला हे काम करता येईल का?" करता येईल. आता पुष्कळ मुली या कामात आहेत. विज्ञान घ्यावे. पुढे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र किंवा ढोरांची डॉक्टरी, यांपैकी काहीही चालते. नंतर डेहराडूनला सरकारची भारतीय वन्यजीव संस्था आहे, ती १९८२ साली निघाली. तिथे परीक्षा देऊन जाता येते. इतरही ठिकाणे आहेत. पण पायाखालची जमीन कशी आहे, तेही सांगतो. पक्की नोकरी लवकर मिळत नाही. दोन-तीन वर्षांचे काम मिळते, ते संपले की दुसरे शोधायचे. पगार बेताचा. मोजणी चार दिवसांची, आणि तिचे हिशोब करायला चार महिने मेजाशी बसावे लागते, हे पोरांना आधी कुणी सांगत नाही. गोचिडी, हिवताप, पावसातले मुक्काम आहेतच. ज्याला दर महिन्याला वाढता पगार हवा, त्याने दुसरे काही बघावे. ज्याला रानात बसून कंटाळा येत नाही, त्याला आमच्याइतके सुखी कुणी नाही.

आणि पदवी नसलेल्यांचे काय? मंडळी, आमच्या प्रत्येक कामात गावातली माणसे असतात. रानाच्या वाटा त्यांना ठाऊक. कड्यावरची ढोली आम्हाला दुर्बिणीतून दिसत नाही, ती गुराख्याला नुसत्या डोळ्यांनी दिसते. अडचण एवढीच, की त्यांनी पाहिलेले लिहिलेले नसते. "लई होती" आणि "आता न्हाईत" एवढ्यावर कुणाला काही ठरवता येत नाही.

म्हणून आज जाताना प्रत्येकाने संस्थेची एक वही घेऊन जा. पानावर चार खाने आखलेले आहेत. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात जागा, म्हणजे माळ, ओढा, देवराई, जे असेल ते. तिसऱ्यात पाखराचे नाव आणि किती दिसली, तो आकडा. चौथ्यात ती काय करीत होती. गिधाड दिसले तर उत्तम, नाहीतर घार, माळढोक, टिटवी, काहीही चालेल. काही दिसले नाही, तर त्या दिवशी शून्य लिहा. शून्य लिहायला विसरू नका, आम्हाला तोही आकडा लागतो. आकडा अंदाजाने फुगवू नका. वीस दिसली तर वीस, आणि मोजता आली नाहीत तर "मोजता आली नाहीत" असे लिहा. आणि शिसपेन्सिलीने लिहा. शाई पावसात फुटते.